नवा प्रोसेसर १६ थ्रेडचा, विंडोजला मात्र १२च दिसतात

फ्रेमवाली

नमस्कार मंडळी,

दोन दिवस याच्यात अडकले आहे, म्हणून धागा काढते आहे. थोडं सविस्तर लिहिते. अर्धवट लिहिलं की "आधी हे सांगा, मग ते सांगा" यातच आणखी दोन दिवस जातील.

मी अ‍ॅनिमेशनचं काम करते, एकटीच, एकाच डेस्कटॉपवर. त्यात इतकी वर्षं रायझन ५ १६०० होता. २०१७ चा प्रोसेसर, सहा कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं). त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत पहिल्या पिढीचे रायझन नाहीत. मदरबोर्ड बी४५० चा, सॉकेट एएम४, म्हणजे बोर्ड, रॅम, कॅबिनेट सगळं तेच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येत होता. म्हणून रायझन ७ ५७००एक्स घेतला. आठ कोअर, सोळा थ्रेड, आणि वॅट तेवढेच, ६५. त्यामुळे कूलरही जुनाच ठेवला.

बायॉस, म्हणजे बोर्डवरचा मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, मी आधीच, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, अपडेट केलं होतं. जुन्या बायॉसला ५००० मालिकेतले प्रोसेसर ओळखताच येत नाहीत आणि मग पडदा काळाच राहतो, हे वाचून ठेवलं होतं. कूलर काढतानाही घाई केली नाही. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो म्हणतात, म्हणून आधी अर्धा तास रेंडर लावून तो गरम करून घेतला, मशीन बंद केलं, आणि कूलर हलकेच डावीकडे उजवीकडे फिरवत सोडवला. प्रोसेसर जागेवरच राहिला. नवा बसवताना सोनेरी त्रिकोण त्रिकोणाला जुळवला, तो आपल्या वजनाने खाली बसला, मग दांडी लावली. कुठेही जोर लावलेला नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर काळ्या पडद्यावर सूचना आली, की नवीन प्रोसेसर बसवला आहे, एफटीपीएममधली (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) नोंद बदलली आहे, वाय दाबलंत तर ती रीसेट होईल, पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर रिकव्हरी कीशिवाय मशीन उघडणार नाही. माझ्याकडे बिटलॉकर नाही. वाय दाबलं. विंडोज छान उघडलं.

आता घोळ सांगते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर उजव्या कोपऱ्यात नाव बरोबर येतं, रायझन ७ ५७००एक्स. खाली मात्र कोअर ६, लॉजिकल प्रोसेसर १२. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरचे वेगवेगळे आलेख लावले, तर बारा चौकटी. मी ज्यात अ‍ॅनिमेशन करते त्या ब्लेंडरमध्येही तेच. मी अजून २.९३ वापरते, त्यात रेंडर होताना जेवढे थ्रेड तेवढे केशरी कोपऱ्यांचे चौकोन चित्रावरून फिरत असतात. पडद्याला बोट लावून मोजले. बारा.

जी फ्रेम जुन्या प्रोसेसरवर १४ मिनिटं घ्यायची ती आता ९ मिनिटांच्या आत होते आहे. म्हणजे फरक पडलाय, पण दोन कोअर आणि चार थ्रेड गेले कुठे?

आतापर्यंत केलेलं: चिपसेटचे ड्रायव्हर नवे टाकले. बायॉसमध्ये जाऊन पाहिलं, तिथे आठ कोअर, सोळा थ्रेड असंच लिहिलंय. तरी शंका नको म्हणून वीज काढून, बोर्डवरचा सेल काढून, पंधरा मिनिटांनी परत लावला. काही फरक नाही. विंडोज १० आहे, प्रोसेसर बदलताना नव्याने टाकलेलं नाही, तीच एसएसडी.

विंडोज पुसून नव्याने टाकायची वेळ आली तर टाकेन, पण माझे प्लगइन, ब्रश, फाँट, सगळं परत बसवायला आठवडा जाईल आणि हातात काम आहे. त्याआधी कुणी काही सुचवू शकेल का?

तिरपास्क्रू

बायॉसमध्ये एसएमटी बंद असेल. रायझनमध्ये एका कोअरचे दोन थ्रेड करणाऱ्या सोयीला एसएमटी म्हणतात, इंटेलचं हायपरथ्रेडिंग तेच. बोर्डाप्रमाणे ते ओव्हरक्लॉकिंगच्या पानावर नाहीतर एएमडी सीबीएस या मेनूत सापडतं. 'ऑटो' असायला हवं. 'डिसेबल्ड' असेल तर बदला, एफ१० दाबून सेव्ह करा.

दांडीसॉकेट

ताई, मला वाटतं पिना बघा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिना, एखादी जरी वाकली तरी विचित्र प्रकार होतात. काढून, उजेडात आडवा धरून, रांगा सरळ दिसतात का बघा. आणि ज्याच्याकडून घेतला त्याच्याशीही बोलून ठेवा. वापरलेला माल डबीत घालून देणारे असतात.

फ्रेमवाली

तिरपास्क्रू, धन्यवाद. एसएमटी 'ऑटो'च आहे. एकदा हाताने 'एनेबल्ड' करूनही पाहिलं. बाराच.

दांडीसॉकेट, तुमचं वाचून पोटात गोळा आला. बसवण्याआधी पिना मी भिंगातून पाहिल्या होत्या, सरळ होत्या. डबी सीलबंद होती. काढायला लागला तर काढेन, पण पेस्ट पुसून, परत लावून, हे सगळं आणखी एकदा करायचं तर आधी दुसरं काही राहिलंय का ते कळलं तर बरं.

बूटओळ

थांबा, प्रोसेसर काढू नका. तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तर जवळजवळ आहे.

तुम्ही अडलाय तो आकडा पुन्हा बघा. एसएमटी बंद असतं तर आठ कोअर आणि आठच थ्रेड दिसले असते. तसं नाही. बायॉसमधून कोअर कमी केले असते, म्हणजे डाउनकोर नावाची सेटिंग, तर सहा आणि बारा दिसू शकले असते, पण तुम्ही सेल काढून सगळं मूळपदावर आणलंय आणि बायॉस स्वतः आठ आणि सोळा सांगतंय. पीन वाकली तर बहुधा मशीन सुरूच होत नाही, किंवा रॅमची एक बाजू गायब होते. मोजून दोन कोअर जाऊन बाकीचे सहा व्यवस्थित चालतील, रेंडर न कोसळता पूर्ण होईल, असं पीन करत नाही.

आणि बारा हा आकडा कोणाचा? तुमच्या जुन्या १६०० चा. बरोबर तोच. जुना प्रोसेसर गेला, पण त्याचा आकडा कुठेतरी लिहिलेला राहिलाय आणि विंडोज अजून तो वाचतंय. बोर्ड तुम्ही साफ केलात, म्हणजे तो बोर्डवर नाही. एसएसडी तीच आहे, म्हणजे तो एसएसडीवर आहे.

आता हे करा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, एमएसकॉन्फिग टाइप करा, एंटर. बूट हा टॅब उघडा, यादीत विंडोज निवडलेलं असेल, खाली अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. जी छोटी खिडकी उघडेल तिच्यात डावीकडे वरती 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' अशी खूण करायची चौकट आहे. माझा अंदाज, तिथे खूण आहे आणि पुढे १२ लिहिलंय. खूण काढा. १६ करू नका, खूणच काढा. शेजारी 'मॅक्झिमम मेमरी' अशी चौकट आहे, तिथेही खूण असेल तर तीही काढा. ओके, अप्लाय, आणि मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून परत चालू नका करू. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज शटडाउनच्या वेळी कर्नल, म्हणजे आपला गाभा, डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही, सगळं नव्याने सुरू होतं.

खूण काढल्यावर त्या चौकटीत करड्या रंगात १ दिसेल. घाबरू नका. तो आकडा तेव्हा लागू नसतो. खूण नाही याचा अर्थ "असतील तेवढे सगळे वापर". हे मुद्दाम लिहितो, कारण इथेच लोक फसतात. करडा १ बघून वाटतं की विंडोज एकाच कोअरवर सुरू होतंय, मग खूण करून सगळ्यात मोठा आकडा निवडतात, आणि "याने बूट जलद होतं" असा सल्ला पुढे देतात. गेली कित्येक वर्षं हा सल्ला फिरतो आहे. त्याने काहीही जलद होत नाही. ती सोय ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी आहे, कमी प्रोसेसरच्या मशीनवर आपलं काम कसं चालतं हे बघायला. एक्सपीच्या आणि त्याआधीच्या काळात बूट डॉट आयएनआय फाइलमध्ये नमप्रॉक असा शब्द लिहून हेच करत. व्हिस्टापासून ती नोंद बीसीडी नावाच्या बूटच्या साठ्यात गेली. सगळ्यात मोठा आकडा निवडलात तर त्या दिवशी फरक कळत नाही, कारण मर्यादा आणि प्रत्यक्ष संख्या सारखीच असते. प्रोसेसर बदलला की ती मर्यादा दिसते.

डोळ्यांनी खात्री करायची असेल तर खूण काढण्याआधी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि नुसतं बीसीडीएडिट टाइप करून एंटर दाबा. दोन भाग दिसतील, दुसरा विंडोज बूट लोडरचा. त्यात सगळ्या ओळी वाचत खाली या. नमप्रॉक अशी ओळ असेल तर तीच. ती ओळ इथूनही पुसता येते, फक्त पॉवरशेलमधून करत असाल तर करंट हा शब्द ज्या महिरपी कंसात असतो त्या कंसासकट तो अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर पॉवरशेल त्या कंसाचा वेगळाच अर्थ लावतं आणि चूक दाखवतं. एमएसकॉन्फिगमधून ही भानगडच नाही.

एवढं करूनही बाराच राहिले तर एखाद्या लिनक्सचा लाइव्ह यूएसबी (डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टम) लावून बूट करा, टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड टाइप करा. तिथे १६ दिसले तर हार्डवेअर निर्दोष, शोध विंडोजमध्येच घ्यायचा. डिस्कला हातही लागत नाही. प्रोसेसर उपटण्याआधी ही परीक्षा दहा मिनिटांत होते.

आणि एक. सेल काढलात, म्हणजे रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) पण गेलं असणार. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीडसमोर काय दिसतंय ते बघून सांगा.

फ्रेमवाली

बूटओळ दादा, नमप्रॉक १२. तुमचं वाचता वाचताच कमांड प्रॉम्प्ट उघडला होता. बूट लोडरच्या भागात अगदी तळाशी, एका ओळीत, नमप्रॉक आणि पुढे १२. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

आणि मग आठवलं. तीन-चार वर्षांपूर्वी मशीन सुरू व्हायला फार वेळ घेत होतं, तेव्हा एका व्हिडिओत बघून मी हे केलं होतं. तुम्ही लिहिलंय तसंच, आधी करडा १ दिसला, मला वाटलं इतके दिवस एकाच कोअरवर सुरू होत होतं, आणि मी यादी उघडून शेवटचा आकडा निवडला. नंतर पूर्ण विसरले. दोन दिवस मी प्रोसेसर, बोर्ड, ड्रायव्हर, सगळ्यांवर संशय घेतला, आणि ते माझ्याच हाताने लिहून ठेवलेलं होतं.

खूण काढली. रीस्टार्ट केलं. टास्क मॅनेजर: कोअर ८, लॉजिकल प्रोसेसर १६. सोळा चौकटी, चार ओळी, चार रांगा. मी खुर्चीत मागे टेकून नुसती बघत बसले होते.

रॅमचंही तुमचं खरं. पट्ट्या ३००० च्या आहेत, स्पीडसमोर २१३३ होतं. एक्सएमपी परत लावलं.

पण अजून एक अडकलंय आणि ते मला अजिबात उलगडत नाहीये. ब्लेंडर उघडलं, हातातल्या कामाची फाइल रेंडरला लावली, चौकोन मोजले. बारा. दोनदा मोजले. सीपीयूचा वापर ७५ टक्क्यांच्या वर जात नाही. मग नवी कोरी फाइल उघडून एक ठोकळा ठेवून रेंडर केला, तिथे सोळा. विंडोजला सोळा दिसतात, ब्लेंडरला कोऱ्या फाइलमध्ये सोळा, आणि माझ्याच फाइलमध्ये बारा. टास्क मॅनेजरमध्ये डीटेल्सच्या पानावर ब्लेंडरवर राइट क्लिक करून सेट अ‍ॅफिनिटी (प्रोग्रॅमने कोणते थ्रेड वापरायचे ते ठरवणारी यादी) उघडलं, तिथे सीपीयू ० ते सीपीयू १५, सगळ्यांवर खूण आहे.

बूटओळ

सोळापैकी बारा म्हणजे बरोबर ७५ टक्के. परत तोच आकडा, दुसऱ्या जागी लिहिलेला.

ब्लेंडरमध्ये रेंडर प्रॉपर्टीज, परफॉर्मन्स, थ्रेड्स. तिथे 'ऑटो डिटेक्ट' आहे की 'फिक्स्ड'? ही सेटिंग प्रोग्रॅमची नाही, सीनची आहे, .ब्लेंड फाइलमध्येच साठवली जाते. म्हणून कोऱ्या फाइलला बाधा नाही. एकाच फाइलमध्ये अनेक सीन असतील तर प्रत्येकात वेगळी बघावी लागेल. फाइली खूप असतील तर सगळे सीन फिरून 'ऑटो' करणारी पायथनची दोन-तीन ओळींची स्क्रिप्ट पुरते. बॅच फाइल लिहून कमांडने रेंडर करत असाल तर त्या कमांडमध्येही थ्रेडचा आकडा लिहिलेला असू शकतो, तिथे शून्य द्या. शून्य म्हणजे मशीनवर असतील तेवढे.

काळीखिडकी

हा धागा वाचताना माझी स्वतःची गोष्ट आठवली, लिनक्सवाल्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

२०१९ च्या मे महिन्यात इंटेल प्रोसेसरमधली एमडीएस ही त्रुटी जाहीर झाली. एकाच कोअरच्या दोन थ्रेडमध्ये एकाची माहिती दुसऱ्याला चोरून वाचता येण्याचा धोका होता. माझ्याकडे तेव्हा चार कोअर, आठ थ्रेडचा आय७ ६७०० होता आणि मी त्या मशीनवर बाहेरच्या लोकांचा कोड चालवत असे. म्हणून ग्रब या लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये कर्नलच्या ओळीला नोएसएमटी हा शब्द जोडला. आठाचे चार थ्रेड झाले, सवय झाली, विसरलो. पुढे मशीन बदललं, रायझन ९ ५९००एक्स घेतला, एसएसडी मात्र तीच काढून यात लावली. बारा कोअर दिसत, थ्रेडही बाराच, चोवीस नाहीत. एमडीएस ही एएमडीला लागू नसलेली त्रुटी, पण नोएसएमटी शब्द ते बघत बसत नाही, प्रोसेसर कोणताही असो, दुसरा थ्रेड बंद करतो. मी पण पहिला दिवस बायॉस चाळण्यात घालवला.

लिनक्समध्ये बघायच्या जागा दोनच. प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन फाइल वाचा, म्हणजे कर्नल कोणत्या शब्दांनिशी सुरू झालाय ते कळतं. नोएसएमटी किंवा मॅक्ससीपीयूज दिसलं की समजा. आणि सिस फोल्डरखाली डिव्हायसेस, सिस्टम, सीपीयू, त्यात एसएमटी, त्यात कंट्रोल नावाची फाइल आहे. तिच्यात ऑन, ऑफ, फोर्सऑफ असा एकच शब्द असतो.

बूटओळ यांनी सांगितलेली लाइव्ह यूएसबीची परीक्षा मला तेव्हा कुणी सांगायला हवी होती. लाइव्ह सिस्टमला आपल्या डिस्कवरचं काही माहीत नसतं, म्हणून तिचा आकडा खरा.

दांडीसॉकेट

ताई, पिनांचं मी घाईने लिहिलं, उगाच धास्ती दिली. माफ करा. सुटलं हे वाचून बरं वाटलं.

अर्धाकोअर

याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. माझ्याकडे आय७ ८७०० होता, बारा थ्रेड. त्याच बोर्डवर आय७ ९७०० बसवला. मोठा नंबर, पण थ्रेड आठच. एमएसकॉन्फिगमध्ये खूण नाही. बायॉसमध्ये हायपरथ्रेडिंग नावाचं काही सापडतच नाही. माझंही असंच काही आहे का?

बूटओळ

नाही, तुमचं काहीच हरवलेलं नाही. ८७०० मध्ये सहा कोअर आणि हायपरथ्रेडिंग, म्हणून बारा. ९७०० मध्ये आठ कोअर आहेत पण हायपरथ्रेडिंग दिलेलंच नाही, म्हणून आठ. बायॉसमध्ये पर्याय दिसत नाही तो त्यामुळेच. आठ पूर्ण कोअर आहेत, बहुतेक कामांत तुम्हाला तोटा जाणवू नये.

इंटेलच्या बाबतीत आकडा दुपटीने येईल असं गृहीत धरू नका. १४७००के मध्ये आठ मोठे कोअर आणि बारा छोटे, म्हणजे वीस कोअर. पण हायपरथ्रेडिंग फक्त मोठ्यांना, म्हणून थ्रेड २८. त्याच्या नंतरचा कोअर अल्ट्रा ७ २६५के घेतलात तर परत आठ मोठे, बारा छोटे, वीस कोअर, आणि थ्रेडही वीसच, कारण २०२४ मध्ये आलेल्या त्या डेस्कटॉप मालिकेतून हायपरथ्रेडिंग काढून टाकलंय. म्हणून आधी कंपनीच्या पानावर आपल्या नेमक्या मॉडेलसमोर कोअर किती आणि थ्रेड किती ते बघायचं, आणि मग हरवले की नाही ते ठरवायचं.

रायझनवाल्यांसाठी आणखी एक जागा सांगून ठेवतो. रायझन मास्टर हा एएमडीचा प्रोग्रॅम टाकला असेल आणि त्यात गेम मोड लावला असेल, तर ३९००एक्ससारख्या दोन चिपलेटच्या (चिपलेट म्हणजे कोअरचा गट असलेली छोटी चिप) प्रोसेसरमध्ये एक अख्खं चिपलेट बंद होतं, बारा कोअरचे सहा दिसतात. फ्रेमवाली ताईंच्या ५७००एक्समध्ये कोअरचं एकच चिपलेट आहे, म्हणून मी तो विषय आधी काढला नाही.

फ्रेमवाली

फिक्स्ड. १२.

आणि हे तर मला पुरतं आठवतंय, कारण ती माझी रोजची सवय होती. दिवसा रेंडर लावून शेजारी दुसरं काम करायचं असेल तर मशीन अडखळू नये म्हणून मी थ्रेड १० वर आणायचे. रात्री झोपताना परत १२ करायचे. 'ऑटो'वर टाकायचं कधी सुचलंच नाही, कारण १२ म्हणजेच सगळे. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांतल्या माझ्या झाडून सगळ्या फाइलींत एक तर १० आहे किंवा १२. पहिल्या दिवशी बोट लावून मोजलेले ते बारा चौकोन विंडोजचे नव्हतेच, माझ्या फाइलीचे होते, आणि विंडोजचाही आकडा नेमका तोच असल्यामुळे मी दोन्ही एकच धरून बसले.

बूटओळ दादांनी सुचवलेली स्क्रिप्ट केली. पायथन मला फारसं येत नाही, पण सीनवरून फिरायचं आणि थ्रेड्स मोड ऑटो करायचं, एवढंच होतं. आधी सगळ्या फाइलींची प्रत काढून ठेवली, मग चालवली. रात्रीची बॅच फाइलही उघडून पाहिली, तिच्यातही बारा होते. शून्य केलं.

काळीखिडकी, तुमची गोष्ट वाचून खूप धीर आला. अर्धाकोअर, तुमचा प्रोसेसर शाबूत आहे हे वाचून मलाच बरं वाटलं. दांडीसॉकेट, माफी कशाला, तुम्ही मदत करायलाच आला होतात.

आता आकडे. तीच फ्रेम, तेच सीन, तेवढेच सॅम्पल: जुन्या १६०० वर १४ मिनिटं, बारा थ्रेडवर अडकलेल्या ५७००एक्सवर ८ मिनिटं ५० सेकंद, आता ६ मिनिटं ५० सेकंद. हातातला शॉट दहा सेकंदांचा आहे, २४० फ्रेम. जुन्या प्रोसेसरला ५६ तास लागले असते. आता सव्वासत्तावीस तासांच्या थोडं वर.

विंडोज नव्याने टाकावं लागलं नाही, प्लगइन आणि ब्रश जागच्या जागी आहेत. हा शॉट निघाला की विंडोज ११ वर जाईन, आणि तेव्हा एमएसकॉन्फिगमध्ये पुन्हा एकदा डोकावून बघेन.

रेंडर चालू आहे. सोळा चौकोन फिरतायत, ३१वी फ्रेम.